जुने आणि अडगळीतले इंग्रजी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेक्सपिअरचं नाटक, जुनं बायबल, आजोबांच्या काळचं इंग्रजी खरेदीखत किंवा समाजमाध्यमांवरची ‘विसरलेल्या शब्दां’ची यादी, यांपैकी काहीतरी समोर आलं की हे प्रश्न पडतात. इंग्रजी शब्द इथे देवनागरीत दिले आहेत. जिथे स्पेलिंगला महत्त्व आहे, तिथे अक्षरं सुटी सांगितली आहेत.

शेक्सपिअरचं इंग्रजी म्हणजेच ‘ओल्ड इंग्लिश’ ना?

नाही. अभ्यासक ‘ओल्ड इंग्लिश’ म्हणतात ते साधारण इ.स. ४५० ते ११५० या काळातल्या भाषेला. ‘बेवुल्फ’ हे काव्य त्या भाषेतलं. आजच्या इंग्रज माणसाला ती मुद्दाम शिकावी लागते. आपल्याला गाथासप्तशतीतली महाराष्ट्री प्राकृत जशी, तशी ती त्याला. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंच शिरली आणि पुढच्या काही शतकांत भाषेचा सांगाडाच बदलला. ११५० ते १५०० ही ‘मिडल इंग्लिश’, कवी चॉसर तिच्यातला. १५०० ते १७०० ही ‘अर्ली मॉडर्न’, म्हणजे आधुनिक इंग्रजीचीच पहिली पायरी. शेक्सपिअर (१५६४–१६१६) आणि १६११ चं किंग जेम्स बायबल या पायरीवरचे.

तुकोबांचा काळही साधारण हाच, आणि त्यांची गाथा वाचताना येते तशीच अडचण इथेही येते. बहुतेक शब्द ओळखीचे, प्रत्यय थोडे वेगळे आणि काही शब्दांचा अर्थ मात्र गुपचूप सरकलेला. खरा घोटाळा हे सरकलेले शब्दच करतात. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. ओळखीच्या शब्दासाठी कोणी उघडत नाही.

कोशात शब्दापुढे ‘आर्केइक’, ‘ऑब्सोलीट’, ‘रेअर’ असं लिहिलेलं असतं. त्यात फरक काय?

‘ऑब्सोलीट’ म्हणजे मेलेला शब्द: आता कोणी वापरत नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अशा शब्दामागे खंजिराची खूण असते. ‘आर्केइक’ म्हणजे जुनाट, पण अजून समजणारा. प्रार्थनेत, कवितेत किंवा थट्टेत येणारा. ‘रेअर’चा काळाशी संबंध नाही, तो शब्द क्वचित सापडतो एवढंच. ‘डायलेक्टल’ म्हणजे प्रमाण भाषेतून गेला, पण यॉर्कशर किंवा स्कॉटलंडच्या बोलीत टिकला. पाचवी खूण लोक चुकीची वाचतात: ‘हिस्टॉरिकल’. तिथे शब्द जुना झालेला नसतो, वस्तू संपलेली असते. ‘फार्दिंग’ हे नाणं चलनात नाही, पण त्याला आजही दुसरा शब्द नाही.

खंजिराची खूण कधी कधी शब्दाला नसून त्याच्या एखाद्याच अर्थाला असते. म्हणून नोंद शेवटपर्यंत वाचावी.

‘दाऊ’, ‘दी’, ‘दाय’, ‘दाइन’, ‘यी’ यांतलं कोणतं कुठे वापरायचं?

मराठी वाचकाला हे इंग्रजापेक्षा लवकर कळतं, कारण आपल्याकडे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ अजून जिवंत आहेत.

‘दाऊ’ म्हणजे तू, कर्ता म्हणून. ‘दी’ म्हणजे तुला. ‘दाय’ म्हणजे तुझा, पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर. स्वराने सुरू होत असेल तर ‘दाइन’. ‘हे तुझं आहे’ असं वाक्य संपवायचं असेल तरीही ‘दाइन’च. ‘यी’ म्हणजे तुम्ही, कर्ता म्हणून; ‘यू’ हे मुळात त्याचं कर्मरूप, म्हणजे ‘तुम्हाला’. पुढे ‘यू’ने सगळ्यांच्याच जागा घेतल्या.

क्रियापदात सर्वांत जास्त चुका होतात. ‘दाऊ’बरोबर शेवटी ‘-एस्ट’ किंवा ‘-स्ट’ लागतो: दाऊ गोएस्ट, दाऊ हॅस्ट, दाऊ डस्ट. अनियमित रूपं चार-पाचच आहेत: दाऊ आर्ट, दाऊ वॉस्ट, दाऊ विल्ट, दाऊ शाल्ट. ‘-एथ’ हा प्रत्यय तृतीयपुरुषी एकवचनाचा, म्हणजे आज जिथे ‘-एस’ लागतो तिथला: ही गोएथ, शी हॅथ, इट डथ. त्यामुळे गमतीच्या आमंत्रणपत्रिकांवर दिसणारं ‘आय हॅथ’ किंवा ‘दाऊ गोएथ’ हे ‘मी जातोस’ म्हणण्यासारखं आहे.

दाऊ–यू हा भेद नुसता एक-अनेकाचा नव्हता. बरोबरीच्या परक्याला ‘दाऊ’ म्हणणं म्हणजे त्याला अरे-तुरे करणं, आणि इंग्रजीत ‘टू दाऊ’ असं क्रियापदही नेमक्या याच अर्थाने होतं. १६०३ मध्ये सर वॉल्टर रॅलीवर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी भर न्यायालयात ‘मी तुला अरे-तुरे करतो, देशद्रोह्या’ अशा अर्थाचं वाक्य या क्रियापदाने फेकलं. क्वेकर पंथीयांनी त्याच शतकात उलट टोक गाठलं: सगळे सारखे, म्हणून सगळ्यांना एकेरी. न्यायाधीशांना ते अर्थातच आवडलं नाही.

देवाला मात्र ‘दाऊ’च. विठ्ठलाला कोणी ‘अहो’ म्हणत नाही, तसंच. आजच्या इंग्रजाला प्रार्थनेतला ‘दाऊ’ भारदस्त वाटतो. मुळात तो जवळिकीचा होता.

नाटक वाचताना एक सवय लावावी. एखादं पात्र मध्येच ‘यू’वरून ‘दाऊ’वर घसरलं की थांबायचं. राग, लगट, तुच्छता किंवा माया, यांपैकी काहीतरी नुकतंच बदललेलं असतं.

‘यी ओल्ड शॉप’ अशा पाट्यांतला ‘यी’ हाच का?

नाही, आणि तो ‘यी’ वाचायचाही नाही. इंग्रजीत ‘थ/द’ या ध्वनीसाठी ‘थॉर्न’ नावाचं एक स्वतंत्र अक्षर होतं. हस्तलिखितात त्याचं पोट उघडं पडत गेलं आणि ते वाय या अक्षरासारखं दिसू लागलं. युरोपातून आलेल्या छापखान्याच्या खिळ्यांत थॉर्न नव्हताच, म्हणून वाय लावून काम भागवलं. तेव्हा पाटीवरचा शब्द साधा ‘द’ आहे.

जुन्या छापील पुस्तकात ‘बेस्ट’ हा शब्द ‘बेफ्ट’ असा का दिसतो?

तो लांब एस आहे, एफ नाही. नीट पाहिलं तर एफची आडवी रेघ दांडी ओलांडून उजवीकडे जाते. लांब एसला ती फक्त डावीकडे असते किंवा नसतेच. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये लांब एस, शेवटी नेहमीचा, असा साधारण नियम. १८०० च्या सुमारास तो छपाईतून गेला.

सतराव्या शतकाच्या आधीच्या छपाईत यू आणि व्ही ही एकाच अक्षराची दोन रूपं होती: शब्दाच्या आरंभी व्ही, मध्ये यू. त्यामुळे ‘अप’ हा शब्द व्ही-पी असा, आणि ‘लव्ह’ हा एल-ओ-यू-ई असा छापलेला सापडतो. आय आणि जे यांचंही तसंच. संगणकावर जुन्या पुस्तकांत शोध घेताना दोन्ही स्पेलिंगं टाकून पाहावीत, नाहीतर अर्धं हाती लागत नाही.

‘हिदर’, ‘दिदर’, ‘व्हिदर’, ‘हेन्स’, ‘देन्स’, ‘व्हेन्स’ लक्षात कसे ठेवायचे?

मराठी ओळींवर ठेवून. इथे, तिथे, कुठे: हिअर, देअर, व्हेअर. इकडे, तिकडे, कुठे (जायचं): हिदर, दिदर, व्हिदर. इथून, तिथून, कुठून: हेन्स, देन्स, व्हेन्स. पहिलं अक्षर ह असेल तर जवळचं, द असेल तर लांबचं, व्ह असेल तर प्रश्न.

‘व्हेन्स’मध्ये ‘-ऊन’ आधीच आलेला आहे, त्यामुळे त्यामागे ‘फ्रॉम’ लावणं म्हणजे ‘कुठूनहून’. तरी ‘फ्रॉम व्हेन्स’ खुद्द १६११ च्या बायबलात आहे. कोणी लिहिलं तर लगेच लाल शाई काढू नये.

‘व्हेअरफोर आर्ट दाऊ रोमिओ’ म्हणजे ‘कुठे आहेस तू’ ना?

जगातल्या निम्म्या नकला याच समजुतीवर चालतात, पण ‘व्हेअरफोर’ म्हणजे ‘का’. ज्युलिएट विचारते आहे: तू रोमिओच का? वैऱ्याच्या घराण्याचं नाव तुझ्याच वाट्याला का यावं? पुढचं सगळं बोलणं नावाबद्दलच आहे. ‘कुठे’ धरलं तर त्याचा काही मेळच लागत नाही.

‘मीथिंक्स’ हे चुकीचं व्याकरण नाही का? ‘आय थिंक’ हवं.

मराठीत पाहा: ‘मला वाटतं’. तेच आहे. त्यातला ‘मी’ हा इंग्रजी एम-ई, इथे चतुर्थी, म्हणजे ‘मला’, आणि क्रियापद ‘थिंक’ नव्हे, तर त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं जुनं क्रियापद, अर्थ ‘भासणे’. जुन्या इंग्रजीत अशी ‘मला’ची वाक्यं बरीच होती, नंतर ती ‘मी’च्या साच्यात गेली.

असंच आणखी एक साम्य. ‘आला आहे’, ‘गेला आहे’ यासाठी जुनी इंग्रजी ‘हॅव’ऐवजी ‘बी’ वापरायची: ‘ही इज कम’. अणुचाचणीच्या संदर्भात ओपनहायमर यांनी उद्धृत केलेलं गीतेतलं वाक्य (अध्याय ११, श्लोक ३२) इंग्रजीत ‘आय ॲम बिकम डेथ’ असं आहे. तिथे ‘हॅव’ राहून गेलेलं नाही. ते जुनं रूप आहे.

ओळखीचे वाटणारे, पण फसवणारे शब्द कोणते?

यादी मोठी आहे. रोज अडवणारे घेऊ.

‘वॉन्ट’: जुना अर्थ ‘उणीव असणे’. बायबलातल्या तेविसाव्या स्तोत्रातलं ‘आय शॅल नॉट वॉन्ट’ म्हणजे ‘मला काही उणं पडणार नाही’. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ, मला तो नको’ असा अर्थ लावणारे विद्यार्थी दर पिढीत निघतात.

‘सफर’ हे क्रियापद: ‘होऊ देणे’. लहान मुलांना माझ्याकडे येऊ द्या, या प्रसिद्ध वचनात हेच क्रियापद आहे. मुलांच्या यातनांशी त्याचा संबंध नाही.

‘प्रिव्हेंट’: ‘आधी येऊन पोचणे’. स्तोत्रकर्ता पहाटेला ‘प्रिव्हेंट’ करतो म्हणजे उजाडण्याआधी उठतो.

‘प्रेझेंटली’ आणि ‘बाय अँड बाय’: जुन्या मजकुरात दोन्हींचा अर्थ ‘लगेच’. पुढे दोन्ही ढिले पडून ‘थोड्या वेळाने’ झाले. ‘आलोच’ म्हणणारी माणसं सगळ्या देशांत सारखीच.

‘डाउट’: शंका असणे नव्हे, तर संशय येणे. ‘आय डाउट सम फाउल प्ले’ म्हणजे ‘यात काहीतरी काळंबेरं आहे असं मला वाटतं’. आजच्या अर्थाने वाचलं तर वाक्य नेमकं उलटं होतं.

‘मीट’: कुठलंही अन्न. म्हणून मिठाईला ‘स्वीटमीट’ म्हणतात. शाकाहारी मंडळींनी निश्चिंत असावं. ‘डीअर’: कुठलंही जनावर, शेक्सपिअरने उंदरांनाही या शब्दात बसवलं आहे. ‘कॉर्न’: कुठलंही धान्य. बायबलातल्या शेतात मका उभा करू नये. मका अमेरिकेतून आला, तो कोलंबसाच्या नंतर.

‘नाइस’ एके काळी ‘अडाणी’ होता, ‘सिली’ ‘भाग्यवान, पुण्यवान’ होता, ‘नॉटी’ ‘दुष्ट’ होता आणि ‘गर्ल’ मुलगा-मुलगी दोघांनाही लागायचा. ‘फॉन्ड’ म्हणजे खुळा. ‘क्विक’ म्हणजे जिवंत. म्हणून नखाखालच्या हुळहुळ्या मांसाला अजून ‘क्विक’ म्हणतात.

सर्वांत गमतीचा शब्द आपल्या सगळ्यांच्या कपाटात आहे: ‘लेट’. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तिच्यात धारकाला ‘विदाउट लेट ऑर हिंड्रन्स’ जाऊ द्यावं असं म्हटलं आहे. हा ‘लेट’ ‘उशीर’ नव्हे आणि ‘होऊ देणे’ही नव्हे, त्याचा अर्थ ‘अडथळा’. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदं होती, एक अडवण्याचं, एक सोडण्याचं. उच्चार झिजून दोन्ही एकसारखी झाली, आणि विरुद्ध अर्थाचे दोन शब्द एका रूपात कसे नांदणार? अडवणारा गेला. तो आता पासपोर्टवर उरला आहे, आणि टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून गेला की जो पुकारा होतो त्यात.

जुन्या इंग्रजी खतांत आणि भाडेपट्ट्यांत नेमकं कशाला जपायचं?

इथे चूक झाली तर पैसे जातात, म्हणून सविस्तर.

‘डिमाइज’ म्हणजे मृत्यू हा अर्थ सर्वांना माहीत. पट्ट्यात मात्र ते क्रियापद ‘भाडेपट्ट्याने देणे’ या अर्थी येतं, आणि ‘डिमाइज्ड प्रिमायसेस’ म्हणजे पट्ट्याने दिलेली जागा. ‘मयताची जागा’ असा अनुवाद झाला तर सगळा दस्तच वेगळा होतो.

‘डिटर्माइन’: ठरवणे नव्हे, संपणे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १११ मध्ये ‘डिटर्मिनेशन ऑफ लीज’ आहे. तिथे पट्टा कोणकोणत्या रीतीने संपतो ते सांगितलं आहे.

‘दीज प्रेझेंट्स’: भेटवस्तू नव्हेत, ‘हा दस्त’. ‘नो ऑल मेन बाय दीज प्रेझेंट्स’ म्हणजे ‘या दस्ताने सर्वांस कळावे की’. ‘विटनेसेथ’ हे ‘-एथ’वालं क्रियापद, कर्ता ‘हा करारनामा’: हा करार साक्ष देतो की. त्याचा पुढे सही करणाऱ्या साक्षीदारांशी संबंध नाही.

‘मेस्विज’ (स्पेलिंग एम-ई-एस-एस-यू-ए-जी-ई): घर, त्याच्या लगतच्या इमारती आणि आवार. ‘टेनेमेंट’: चाळीतली खोली नव्हे, कायद्याच्या भाषेत धारण केलेली कुठलीही स्थावर मिळकत. ‘हेरेडिटामेंट’: वारसाकडे जाऊ शकेल अशी मालमत्ता. हे तिन्ही एका ओळीत आले की एकेका शब्दासाठी वेगळी वस्तू शोधू नये. काही सुटू नये म्हणून वकिलांनी टाकलेलं ते जाळं आहे.

‘मॉइटी’: अर्धा हिस्सा. ‘इश्यू’: अपत्य, ‘डाइड विदाउट इश्यू’ म्हणजे निःसंतान वारला, वाद न होता नव्हे. ‘इन्फंट’: तान्हं बाळ नव्हे, अज्ञान (अल्पवयीन) व्यक्ती, मग ती सतरा वर्षांची का असेना. ‘रेलिक्ट’: विधवा, जुन्या ख्रिस्ती थडग्यांवर हा शब्द दिसतो. ‘नेफ्यू’ जुन्या कागदात नातूही असू शकतो, म्हणून वंशावळ मांडताना वयांचा ताळा पाहावा.

‘मीन प्रॉफिट्स’ दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम २(१२) मध्ये अजून आहे: बेकायदा ताब्याच्या काळात ताबेदाराने मिळवलेलं किंवा साधारण दक्षता ठेवून मिळवता आलं असतं ते उत्पन्न. स्पेलिंग एम-ई-एस-एन-ई, उच्चार ‘मीन’. एस नुसता बसून आहे.

पत्रव्यवहारात तारखेपुढे ‘इन्स्ट’ असेल तर चालू महिना, ‘अल्ट’ असेल तर गेला महिना, ‘प्रॉक्स’ असेल तर पुढचा. पत्र ३ जूनचं आणि आत ‘२८ अल्ट’ असेल, तर ती तारीख २८ मे. तारीख लावताना पत्राच्या वरची तारीख पाहायची, पोचल्याच्या शिक्क्याची नव्हे.

‘फर्लांग’, ‘फॅदम’, ‘एल’, ‘स्कोअर’ म्हणजे नेमके किती?

फर्लांग २२० यार्ड, म्हणजे ६६० फूट. आठ फर्लांगांचा मैल. नावाचा अर्थ ‘नांगराच्या तासाएवढं लांब’. गंटरची मोजणी-साखळी ६६ फुटांची. एक फर्लांग लांब आणि एक साखळी रुंद पट्टी म्हणजे एक एकर: ६६० गुणिले ६६, बरोबर ४३,५६० चौरस फूट. आता आपला गुंठा घ्या: ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, आणि ४० गुंठ्यांचा एकर. ३३ फूट म्हणजे अर्धी साखळी. सातबारा वाचणाऱ्याच्या हातात इंग्लंडमधल्या बैलांचं तास असं येऊन पडलेलं आहे.

फॅदम ६ फूट. मूळ अर्थ पसरलेल्या दोन हातांची कव. कोकणातल्या दर्यावर्दी मंडळींचा ‘वाव’ तो हाच. ‘टू फॅदम’ म्हणजे खोली मोजणे आणि त्यावरून ‘ठाव लागणे’. मराठीनेही पाण्यातूनच तो अर्थ उचलला.

एल हे कापडाचं माप, इंग्लंडमध्ये ४५ इंच. आपला हात १८ इंचांचा धरला तर बरोबर अडीच हात. स्कॉटलंडचा एल वेगळा आणि लहान होता, म्हणून कागद कुठला आहे ते आधी पाहावं.

स्कोअर म्हणजे वीस. काठीवर दर विसाला पाडलेली खाच. ‘थ्रीस्कोअर अँड टेन’ म्हणजे ७०. आपल्याकडे कोडी. पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या इंग्रजी व्यापारी कागदांत कापड ‘कॉर्ज’वर मोजलेलं दिसतं, ती आपली कोडीच.

पैशांचं थोडक्यात: ४ फार्दिंगांचा पेनी, १२ पेनींचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड, २१ शिलिंगांची गिनी. पेनीची खूण डी, कारण रोमन ‘डेनेरियस’. ‘दिनार’ त्याचाच भाऊ. ही पद्धत १५ फेब्रुवारी १९७१ ला संपली. आपले आणे १ एप्रिल १९५७ लाच दशमान पैशांपुढे हटले होते.

‘रूथलेस’ आहे तर ‘रूथ’ कुठे गेला?

होता, अर्थ ‘दया’. जोडशब्दात अडकून राहिलेले असे शब्द बरेच आहेत. ‘रेकलेस’मधला ‘रेक’ म्हणजे पर्वा, ‘हॅपलेस’मधला ‘हॅप’ म्हणजे नशीब, ‘अनकेम्प्ट’मधला ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेला. ‘किथ अँड किन’मधला ‘किथ’ म्हणजे ओळखीपाळखीचे, ‘किन’ म्हणजे नातलग. आपल्या ‘सोयरे-धायरे’सारखी जोडी.

मराठी मुलखातून इंग्रजीत गेलेले जुने शब्द आहेत का?

‘मंगूस’ हा मराठी मुंगूस. शेवटच्या ‘गूस’चा हंसाशी संबंध नाही, म्हणून अनेकवचन ‘मंगूसेस’, ‘मंगीस’ नव्हे.

‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला. हे नाशिकजवळचं देवळाली. तिथे ब्रिटिश फौजेची छावणी होती, आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत तिथे महिनोन् महिने काढत. काम नाही, उकाडा, दारू आणि हिवताप. पूर्ण शब्दप्रयोग ‘डूलाली टॅप’. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप.

अशा शब्दांसाठी यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) हा कोश उघडावा. नोंदी लांबलचक, अवतरणांनी भरलेल्या. व्युत्पत्ती मात्र आजच्या कोशाशी ताडून घ्यावी.

समाजमाध्यमांवरचे ‘सुंदर विसरलेले शब्द’ खरे असतात का?

काही खरे, काही कालपरवाचे, काही कधी नव्हतेच.

‘पेट्रिकोर’, म्हणजे मृद्गंध, प्राचीन ग्रीक वाटतो. तो १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी बनवला. ‘ॲप्रिसिटी’, म्हणजे हिवाळ्यातलं ऊबदार ऊन, खरोखर जुना: हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या कोशात आहे. पण तो कोशाबाहेर जवळजवळ कोणी वापरलाच नाही. ‘ओव्हरमॉरो’ म्हणजे येणारा परवा, १५३५ च्या कव्हरडेलच्या बायबलात आहे. गेलेल्या परवासाठी ‘एअर-यस्टरडे’ होता. इंग्रजीने दोन शब्द केले आणि दोन्ही हरवले, आपण दोन्हींना एकच ‘परवा’ ठेवला आणि रोज गोंधळ घालतो.

‘डॉर्ड’ मात्र भूत आहे. १९३४ च्या वेब्स्टर कोशात ‘घनता’ या अर्थाने तो छापला गेला. मूळ चिठ्ठीवर ‘मोठा डी किंवा लहान डी, घनतेची खूण’ अशी नोंद होती. इंग्रजीतल्या ‘डी ऑर डी’ची अक्षरं जोडली गेली आणि शब्द जन्मला. १९३९ मध्ये संपादकाच्या लक्षात आलं, छापील कोशातून जायला १९४७ उजाडलं.

तपासायची रीत अशी. आधी ऐतिहासिक कोशात शब्द आहे का ते पाहा. असल्यास अवतरणांची वर्षं मोजा: शंभर वर्षांत एकच अवतरण आणि तेही दुसऱ्या कोशातलं, तर तो शब्द लोकांच्या तोंडी कधीच नव्हता. पहिलं अवतरण म्हणजे जन्मतारीख नव्हे. बोलण्यात शब्द आधीपासून असतो. मग गूगलच्या एन-ग्रॅम आलेखावर (छापील पुस्तकांत शब्द कधी किती आला ते दाखवणाऱ्या) पाहा, पण १८०० आधीचे आकडे जपून घ्या, कारण यंत्र लांब एसला एफ वाचतं. आणि व्युत्पत्ती आद्याक्षरांची सांगितली असेल, तर ती बहुतेक वेळा बनावट. विसाव्या शतकाआधी इंग्रजीत अशी शब्दनिर्मिती फारच विरळा. ‘पॉश’ म्हणजे ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ (जाताना डावी बाजू, परतताना उजवी) याची आद्याक्षरं, ही हिंदुस्थानच्या बोटीवरल्या सावलीच्या खोल्यांची गोष्ट आपल्याकडे फार आवडीने सांगतात. तिला कागदी पुरावा नाही.

कोणता कोश कशासाठी?

११५० पर्यंत: बॉसवर्थ–टॉलर. ११५० ते १५००: मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश कोश. दोन्ही इंटरनेटवर फुकट. शेक्सपिअरसाठी श्मिटचा कोश. प्रत्येक शब्द कुठल्या नाटकात कुठे आणि कोणत्या अर्थाने, ते सांगतो. अठराव्या शतकासाठी जॉन्सनचा १७५५ चा. सगळ्यांच्या वर ऑक्सफर्डचा मोठा कोश. वर्गणी लागते, पण विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाहता येतो. मोल्सवर्थचा मराठी–इंग्रजी कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) उलट बाजूने कामाला येतो: एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजाने मराठी शब्दाला कोणता इंग्रजी शब्द दिला, ते त्यात दिसतं.

मराठीत अनुवाद करताना जुनेपणा कसा आणायचा?

‘दाऊ’ला ‘तू’ द्या, पण पात्रांचं नातं बघून. नवरा-बायकोतला ‘यू’ मराठीत ‘अहो’ होईल की ‘तू’, हे घराण्यावर ठरतं. प्रत्येक ‘हॅथ’साठी ‘असे’, ‘करीतसे’ लावत गेलात तर पात्रं कीर्तनकार होतात. दर पाच-सहा वाक्यांत एखादं जुनं रूप पुरतं. मापं गोष्टीच्या कामाची असतील तर बदला (पाच फॅदम, पाच वाव), नाण्यांची नावं तशीच ठेवा, कारण शिलिंगाचा आणा केला की हिशेब चुकतो. आणि ‘कॉर्न’ दिसला की आधी सन आणि देश पाहा, मग शेत. इंग्लंडमधलं १८४६ चं जुनं वर्तमानपत्र असेल तर ते धान्य, बहुधा गहू, अमेरिकेतलं असेल तर मका.